बिनकामाचं तेवढं सांगा

दूध उतू गेलं होतं. शेगडीवरून ओघळत थेट फरशीपर्यंत.

नळ चालूच.

शेजारच्यांचा रेडिओ हवामान सांगत होता. आज दिवसभर आकाश निरभ्र राहील.

उंबऱ्याशी एकच चप्पल, उजव्या पायाची.

मांजर कुठे पळालं कोण जाणे.

चौथं बटण. म्हणजे वरून मोजलं तर चौथं.

*

ही सगळी वाक्यं कात्रीने कापली होती, आणि कापताना तिचा हात जराही अडखळला नव्हता.

कात्री म्हणजे ती इंटर्न, खिडकीजवळच्या टेबलावरची. हे नाव तिला नकाशेवाल्याने ठेवलं. नकाशेवाला तिच्या शेजारी बसायचा आणि दिवसभर उपग्रहावरून काढलेल्या फोटोंत जळकी छपरं शोधायचा. त्याने एकदा आपलं लांबलचक टिपण तिला वाचायला दिलं. चहा प्यायला तो उठला, परत आला, तर टिपण निम्मं झालेलं आणि दुपटीने चांगलं. "तुझ्या हातात कात्रीच आहे गं," तो म्हणाला, आणि ते नाव अख्ख्या मजल्यावर पसरलं. तिलाही ते आवडलं. मिरवण्यासारखंच होतं.

संस्था आंतरराष्ट्रीय होती, म्हणजे मुख्य कार्यालय दुसऱ्या देशात आणि इथे एका इमारतीचा तिसरा मजला. माणसं नाहीशी होतात, मारली जातात, बोलली म्हणून डांबली जातात. त्यांच्या घरच्यांचं म्हणणं ऐकायचं, नीट लिहायचं आणि जिथे पोचवायला हवं तिथे पोचवायचं, हे इथलं काम. भिंतीवर मोठमोठी पोस्टरं होती आणि त्यांच्याखाली छपाई यंत्र, जे दर पंधरा मिनिटांनी कागद गिळून बसायचं. जगातल्या अन्यायाशी लढणाऱ्या माणसांचा निम्मा वेळ त्या यंत्राचं दार उघडण्यात जातो, हे कात्रीला पहिल्याच आठवड्यात कळलं. दुसऱ्या आठवड्यापासून ते दार तीच उघडायला लागली, कारण बाकीच्यांना ते जमत नव्हतं आणि तिला जमत होतं. तिला बऱ्याच गोष्टी जमायच्या. त्याबद्दल उगाच लाजत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

*

कापण्याची विद्या ती घरातून शिकली होती, उलट्या बाजूने.

ती आत्याकडे राहायची. आत्या म्हणजे बोलण्याचं धरणच, आणि दरवाजे कायम उघडे. आत्याची पर्स बसमध्ये चोरीला गेली, तर तिची गोष्ट सुरू व्हायची आदल्या दिवशीच्या चपलेच्या तुटलेल्या अंगठ्यापासून. मग चांभार, मग चांभाराच्या सुनेचं बाळंतपण, मग बस, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या कानातले, आणि पर्स येईपर्यंत आमटी गार. कात्री लहानपणापासून म्हणत आली होती, आत्या, मुद्द्याचं बोल. आत्या म्हणायची, तेच तर बोलतेय.

त्यामुळे कानात हेडफोन घालून तासन् तास साक्षी ऐकताना कात्रीला कधी कंटाळा आला नाही. माणूस कुठे मुद्दा सोडतो आणि कुठे धरतो, हे तिला श्वासावरून कळायचं.

*

मुख्य कार्यालयाचा दंडक असा की एका साक्षीची दोन पानं, त्याहून एक ओळ जास्त नाही. तिकडे बसलेल्यांना शेकडो साक्षी वाचायच्या असतात.

दुसरा नियम इथला. साक्षीदाराला त्याची साक्ष वाचून दाखवायची. तो "हो, हे माझंच" म्हणाला की त्याच दिवशी मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. कार्यालयावर कधी धाड पडली, तर कुणाचा आवाज कुणाच्या हाती लागायला नको. कागदावरून नाव काढता येतं, आवाजातून माणूस काढता येत नाही.

दोन्ही नियम शहाण्या माणसांनी केलेले. दोन्ही कात्रीने तंतोतंत पाळले.

*

धाकटा मुलगा नाहीसा झालेल्या एका बाईंची साक्ष, कात्री त्यांना मावशी म्हणायची, दोन पानांतही बसली, वर चार ओळींची जागा उरली. तिचा गाभा हा:

"सकाळी चार माणसं आली. गणवेश नव्हता. त्यांनी माझ्या धाकट्या मुलाला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. बाहेर पांढरी गाडी होती. नंबर झाकलेला होता. मी चौकीवर गेले. तिथे म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही."

मूळ रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं होतं, पण दूध, रेडिओ, मांजर आणि बटण यांच्या गर्दीत कुठेतरी हरवलेलं. फिरतीवरच्या सहकाऱ्याने ते मावशींच्या घरी बसून केलं होतं. मागे भांडी वाजत होती. मावशी पुन्हा पुन्हा दुधाकडे वळायच्या, जणू पोरगा दुधाबरोबरच गेला.

कात्रीने फोनवर साक्ष वाचून दाखवली. मावशी त्यांच्या वकीलबाईंच्या खोलीत बसून ऐकत होत्या. वाचून झालं. मग मावशी म्हणाल्या, "हो, असंच झालं. किती छान सुटसुटीत केलंस गं. माझं मेलीचं उगाच लांबलं होतं."

कात्री खूश झाली. रेकॉर्डिंग तिने स्वतःच्या हाताने पुसलं.

*

मंगळवारी सरकारी उत्तर आलं.

ते तिसऱ्या मजल्यावर पोचलं तेव्हा पूर्णविराम बाईंनी कात्रीला आत बोलावलं. पूर्णविराम म्हणजे विभागप्रमुख. तोंडावर मॅडम, पाठीमागे पूर्णविराम, कारण त्यांचं कुठलंही वाक्य चार-पाच शब्दांपुढे जात नसे आणि त्यानंतर कुणाला काही बोलायला जागा उरत नसे. त्यांनी कागद पुढे सरकवला.

"सदर इसम," त्यात लिहिलं होतं, "स्वखुशीने व एकटाच चौकीवर हजर झाला. त्या वेळी त्याच्या अंगात निळ्या चौकटीचा शर्ट, राखाडी पँट व पायांत चपला होत्या. विचारपूस झाल्यावर तो आपल्या मर्जीने निघून गेला. त्यानंतरच्या त्याच्या ठावठिकाण्याशी या कार्यालयाचा संबंध नाही."

येत्या सोमवारी या प्रकरणाची चौकशी आयोगापुढे सुनावणी होती. तो स्वतः गेला आणि स्वतः परत निघाला असं ठरलं, तर प्रकरण तिथेच बंद. त्याला नेलं असं ठरलं, तर नेणाऱ्यांनी त्याला आयोगापुढे उभा करायचा. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच: तो गेला की नेला?

"आपल्याकडे काय?" पूर्णविराम बाईंनी विचारलं.

"आईची साक्ष."

"ती म्हणते नेला. हे म्हणतात गेला. शब्दाला शब्द."

कात्री पुन्हा त्या ओळीपाशी गेली. निळ्या चौकटीचा शर्ट. पायांत चपला. हरवल्याच्या तक्रारीला घरच्यांनी जो फोटो जोडला होता, त्यात पोरगा नेमका त्याच शर्टात हसत उभा होता. कुणीतरी फोटो पुढे ठेवून हे वर्णन लिहिलं होतं. आणि तो शर्ट त्या सकाळी कुठे होता हे कात्रीला ठाऊक होतं. तिने स्वतः ऐकलं होतं, पुन्हा मागे घेऊन ऐकलं होतं, आणि मग ओळ निवडून, बोट ठेवून उडवलं होतं.

 खुर्ची पुढे ओढून ती नीट बसली.

"मॅडम, माझ्याकडून चूक झालीय. याचं उत्तर साक्षीत होतं. मी कापलं."

पूर्णविराम बाईंनी चष्मा काढला. नकाशेवाला नंतर सांगायचा की बाईंनी चष्मा काढलेला त्याने स्वतः कधी पाहिलाच नव्हता.

"रेकॉर्डिंग?"

"पुसलं. नियमाप्रमाणे."

"काय कापलंस?" असं त्या विचारतील म्हणून कात्रीने तोंड उघडलंच होतं. बाईंनी हात वर केला. "मला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. मावशींना तर नाहीच."

मग त्यांनी, स्वतःच्या मानाने जवळजवळ भाषणच म्हणावं इतकं, समजावून सांगितलं. साक्ष पुन्हा घेता येईल, पण मावशींना उत्तरात काय आलंय हे कळता कामा नये. कात्रीने "शर्ट" म्हटलं की पलीकडचे म्हणणार, बघा, उत्तर आल्यावर म्हातारीला पढवलं. तिच्या तोंडून जे यायचं ते तिचं तिने यायला हवं. विचारायचं एवढंच: त्या सकाळी काय झालं? या वेळी फोन रेकॉर्ड करायचा, आणि मावशींची हरकत नसेल तर ते आयोगासाठी जपून ठेवायचं.

"मीच बोलते त्यांच्याशी," कात्री म्हणाली.

"तूच बोलणार. त्यांना तुझा आवाज माहीत आहे." बाईंनी चष्मा परत घातला. "मी ऐकत बसेन."

बाहेर आल्यावर नकाशेवाल्याने भुवया उडवल्या. त्याला वाटलं पोरीची आज गच्छंती. कात्रीने त्याला सांगितलं की तसलं काही नाही, उद्या फोन आहे आणि तो फोन ती नीट करणार आहे. तो म्हणाला, तुझ्यासारखा आत्मविश्वास बाजारात मिळत असता तर मी घाऊक भावात घेतला असता.

*

संध्याकाळी आत्याने विचारलं, आज काय झालं ऑफिसात? कात्रीने सांगितलं, "एक चूक केली. उद्या दुरुस्त करणार."

आत्याने पोळी तव्यावर उलटली. पुढचं ऐकायला थांबली. पुढचं आलं नाही.

"म्हणजे काही झालंच नाही," आत्या म्हणाली.

"आत्ताच सांगितलं ना."

"तू निकाल सांगितलास. झालं काय ते कुठे सांगितलंस?" आणि मग लगेच, कारण आत्या ती आत्याच, खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या गॅसची नळी, ती बदलायला आलेला माणूस आणि त्याचं अर्धवट सोडून दिलेलं लग्न यांच्याकडे वळली.

कात्री जेवता जेवता ऐकत राहिली. एकदाही मुद्द्याचं बोल म्हणाली नाही. आत्याने मधेच थांबून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही.

*

फोन.

पूर्णविराम बाई हेडफोन लावून शेजारी. दार बंद. छपाई यंत्राचा प्लग कात्रीने आधीच काढून ठेवलेला.

आधी परवानगी. हे बोलणं जपून ठेवायचंय, चालेल? मावशी म्हणाल्या, पोराला उपयोग होणार असेल तर गल्लीत भोंगा लावून वाजवा. मग कात्रीने ठरल्याप्रमाणे विचारलं, "मावशी, त्या सकाळी काय झालं ते पुन्हा एकदा सांगाल?"

मावशींनी घसा साफ केला.

"सकाळी चार माणसं आली," त्या म्हणाल्या. "गणवेश नव्हता. त्यांनी माझ्या धाकट्या मुलाला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. बाहेर पांढरी गाडी होती. नंबर झाकलेला होता."

कात्रीला आपलाच आवाज आतून ऐकल्यासारखं झालं. तिची वाक्यं, तिचे पूर्णविराम. मावशींनी साक्ष पाठ केली होती. शहाण्या, शिकलेल्या पोरीने दाखवून दिलं होतं की एवढंच कामाचं, आणि बाकीचं त्यांनी फडताळात मागे सारून टाकलं होतं, पाहुणे येणार म्हणून घरातला पसारा सारतात तसं.

"झालं," मावशी म्हणाल्या. "बरोबर आलं ना सगळं?"

पूर्णविराम बाईंनी कात्रीकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नाही. शर्ट हा शब्द कात्रीच्या जिभेवर होता, एवढासा, दोन अक्षरांचा. तो उच्चारला की मावशी हो म्हणणार आणि त्या हो ला काडीची किंमत राहणार नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मागच्या खेपेला मी तुमचं बोलणं कापलं. बरंच कापलं. ते कापायला नको होतं. तुमचं लांबलं नव्हतं, माझंच आखूड झालं. आता मला सगळं हवंय. बिनकामाचं तेवढं सांगा."



"बिनकामाचं?"

"तुम्हाला जे सांगावंसं वाटत होतं आणि मी ऐकलं नाही, ते."

"अगं, पण सुरुवात कुठून करू?"

"तुम्हाला वाटेल तिथून."

मावशी हसल्या की रडल्या ते फोनवर कळलं नाही. मग म्हणाल्या, "दूध उतू गेलं होतं."

कात्रीने टेबलाखाली मूठ आवळली. आणि मावशी निघाल्या. दूध शेगडीवरून खाली गेलं, कारण त्या दाराकडे धावल्या. नळ चालू होता, कारण धाकटा तोंड धूत होता, त्याच्या तोंडाला साबण तसाच. शेजारच्यांचा रेडिओ आकाश निरभ्र म्हणत होता, आणि मावशींना अजून त्या रेडिओवाल्याचा राग आहे, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. मांजर पळालं ते दुपारी आलं. चप्पल एकच राहिली, उजवी. डावी पायात तरी होती की वाटेत पडली, देव जाणे. नळाचं म्हणशील तर त्या गाडीमागे धावून परत आल्या तेव्हा तो बंद होता. कोणी बंद केला ते आठवत नाही. त्याचाच विचार करत बसतात कधीकधी. वेड्यासारखं.

मग त्या थांबल्या.

शर्ट आला नव्हता.

कात्रीने काही विचारलं नाही. गप्प बसणं नियमात बसत होतं. तिने आयुष्यात इतकी लांब शांतता कधी कुणाला दिली नव्हती. घड्याळाकडे पाहिलं नाही, बाईंकडे पाहिलं नाही.

"ऐकतेस ना गं?" मावशी म्हणाल्या.

"ऐकतेय मावशी."

"नाही, म्हटलं, तुझी लाइन कापली की काय. तुला सवय आहे ना कापायची."

पूर्णविराम बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. कात्री मनापासून हसली, फोनमध्ये ऐकू जाईल असं, आणि पलीकडून मावशीही.

"आणि शर्ट तर तसाच राहिलाय बघ," हसता हसता मावशी म्हणाल्या, "माझ्या मांडीवरच होता ना. बटण लावत होते. चौथं, वरून चौथं. अर्धं लावलं आणि हे आले. पोरगा बनियनवरच गेला. मी म्हणाले त्यांना, अहो, शर्ट तरी घालू द्या. तर एक जण म्हणाला, तिकडे मिळेल."

बाईंनी हेडफोन कानावर दाबून धरला आणि स्वतः पहिला प्रश्न विचारला. "शर्ट कसा आहे?"

"निळ्या चौकटीचा. फोटोत आहे ना, तोच. त्याला फार आवडतो."

"आता कुठे?"

"खुंटीला. सुई तशीच आहे, दोऱ्यासकट. मी ते बटण पुरं केलं नाही. तो आला की पुरं करेन." मग जरा घाबरून, "का हो, काही चुकलं का?"

"काही नाही चुकलं," पूर्णविराम बाई म्हणाल्या. "शर्टाला हात लावू नका. आमचा माणूस येतो, वकीलबाईंसमोर फोटो काढतो. सुईसकट."

*

मुख्य कार्यालयाला साक्ष गेली ती साडेसहा पानांची. तिकडून लगेच विचारणा आली, दोन पानांचा नियम आपल्याला माहीत नाही का? उत्तर कात्रीने लिहिलं. नियम माहीत आहे, ती म्हणाली. या साक्षीत काय बिनकामाचं ते आपण सोमवारनंतर ठरवावं. पूर्णविराम बाईंनी त्यावर फक्त सही केली. नकाशेवाला म्हणाला, आता तुझं नाव बदलावं लागणार. ती म्हणाली, काही गरज नाही, कात्री बंदही ठेवता येते.

सोमवारी आयोगापुढे वकीलबाईंनी आधी सरकारी उत्तर वाचलं. मग शर्ट पिशवीतून काढला आणि टेबलावर पसरला. बोलल्या फारसं नाहीत. मावशी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, कात्री त्यांच्या शेजारी. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. मावशींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि कुजबुजल्या की आवाजावरून तू जाडी वाटली होतीस. शर्टावरची सुई दिव्याखाली चमकत होती. आयोगाच्या अध्यक्षांनी सरकारी वकिलांना विचारलं की हा एकच शर्ट एकाच सकाळी चौकीवर इसमाच्या अंगात आणि घरी आईच्या मांडीवर कसा होता. सरकारी वकिलांनी मुदत मागितली. मुदत मिळाली नाही. मुलाला आयोगापुढे हजर करा, असा हुकूम झाला.

त्याला आणलं तेव्हा त्याच्या अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा होता आणि पाय अनवाणी. मावशी त्याच्याकडे गेल्या, आणि सगळ्यांसमोर, त्या एवढ्या मोठ्या खोलीत, त्याला पहिली गोष्ट सांगितली ती दुधाची. कात्री शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं.

*

नळ त्या चौघांपैकीच एकाने, जाता जाता, बंद केला होता.